चौथा बैल

जालन्याच्या हृदयाच्या डॉक्टरांपुढं बसून आमचे घरमालक एकदा म्हणाले, "हिचा झिजलाय ना? मंग माझा काढा अन् हिला बसवा. हाय काय त्याच्यात?"

तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेले आणि मी पस्तिशीच्या. डॉक्टर हसले. मीही हसले असते, पण मालकांनी सदऱ्याची वरची दोन बटणं खरोखरच सोडली होती. त्यांच्या छातीवर मधोमध वरपासून खालपर्यंत ऑपरेशनची शिवण होती. तशीच माझ्याही छातीवर होती. एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या, रक्ताचं काही नातं नसलेल्या दोन माणसांच्या हृदयात एकाच प्रकारची झडप, मालकांच्या भाषेत वाल, बसवलेली. आता वाटूरसारख्या गावानं ही गोष्ट किती वर्षं चघळली असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते सांगते पुढं. आधी हा माणूस सांगू द्या. मला जी काही जास्तीची वर्षं मिळाली, त्यांत या माणसाचा हात आहे, आणि हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. कोणी आभार मानायला लागलं की ते उठून गोठ्याकडं जायचे. म्हणायचे, "आभार मानले की मानूस मोकळा होतो. मोकळं नका होऊ."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून वाटूरला आले, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची नोकरी मंठ्याच्या बाजार समितीत. फाट्यापासून जरा आत मालकांचं घर होतं. वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या, बाहेरून लोखंडी जिना. खाली मालक आणि त्यांची बायको, जिला आम्ही काकू म्हणायचो. मुलं पुण्याला. शेतात मोसंबी, कापूस, आणि नांगरटीला ट्रॅक्टर असूनही गोठ्यात लालकंधारी बैलांची जोडी. मुलं दर दिवाळीला म्हणायची की बैल विका. मालक म्हणायचे, आधी तुम्हाला विकतो.

या माणसाला एकच वेड होतं. समोर येईल त्या वस्तूकडं बघून विचारायचे, "टिकंल का?" बादली घ्यायची तर दुकानात तिचा कान धरून असा ओढायचे की दुकानदार म्हणायचा, काका, तुटली तर घ्यावी लागेल. चपलेची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघायचे. भाचीसाठी मुलगा बघायला गेले, तिथं पाहुण्यांनी शिक्षण सांगितलं, पगार सांगितला, शेती सांगितली. यांनी उठून त्या मुलाचा खांदा दाबला आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "बाकी सगळं बराबर हाय, पन टिकंल का?" भाचीनं त्याच मुलाशी लग्न केलं, आणि पुढं कधीही त्याचा विषय निघाला की मालक समाधानानं म्हणायचे, "टिकलाय अजून." आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याला पहिला प्रश्न हाच, की नोकरी टिकंल का. नवरा म्हणाला, कायम आहे. मालकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि किल्ली दिली.

तो जिना मला चढवायचा नाही. हातात भाजीची पिशवी असली तर निम्म्यावर थांबावं लागायचं. कठडा धरून उभी राहायची, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. शाळेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. नवीन लग्न, चक्कर, दम, म्हणजे दुसरं काय असणार? अंबडला सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हातून डिंकाचे लाडू पाठवले. गावातल्या दवाखान्यात रक्त वाढायचं औषध मिळालं. मी लाडूही खात होते आणि औषधही पीत होते, आणि जिना रोज उंच होत चालला होता.

मालक खाली बाजेवर बसून हे बघायचे. एके संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, जिन्यात थांबून काय बघता वो?"

"दम लागतो, मालक."

"चक्कर बी येती?"

"येते कधी कधी."

"छातीत आवळल्यावानी?"

मी हो म्हटलं. त्यांनी काकूंना हाक मारली आणि सकाळच्या गाडीसाठी डबा भरायला सांगितलं. जालन्याला जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचंही असंच झालं होतं आणि सगळे म्हणाले होते, वय झालं. माझा नवरा आपला भला माणूस. म्हणाला, रविवारी जाऊ की, सुट्टी असते. मालक म्हणाले, "आइतवारी हार्ट बंद ऱ्हातं का सायेब?" सकाळी आम्ही फाट्यावर गेलो तर हे डबा मांडीवर घेऊन आमच्या आधी येऊन बसलेले. कोणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दाराशी तीन पाकळ्यांची झडप असते. मला जन्मापासून दोनच पाकळ्या होत्या, आणि त्याही आता आखडून दार बारीक झालं होतं. झडप बदलायलाच हवी होती. एक मिळते धातूची, म्हणजे लोक लोखंडी म्हणतात ती. ती जन्मभर चालते, पण रक्त पातळ करायच्या गोळ्याही जन्मभर, आणि दिवस गेले तर त्या गोळ्यांचा बाळालाही धोका आणि आईलाही. दुसरी जनावराच्या हृदयाभोवती जो पातळ पडदा असतो त्याची शिवलेली. तिला त्या गोळ्या जन्मभर लागत नाहीत. बाळ होऊ शकतं. "पण," डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसात ती छान टिकते. तुमच्या वयात लवकर झिजते. दहा वर्षं, बारा वर्षं, कुणाची जास्त, कुणाची कमी. मग पुन्हा ऑपरेशन." मी सत्तावीस वर्षांची होते.

नवरा म्हणाला, लोखंडीच घेऊ. मूल काय, दत्तक घेता येईल. तो मनापासून बोलत होता. मला मूल हवं होतं. हे असं सरळ सांगताना आजही मला जरा चोरट्यासारखं वाटतं, म्हणजे जिवावर बेतलेलं असताना बाईनं असं काही हवं म्हणू नये असं कोणी तरी मला कधी तरी शिकवलं असणार. पण हवं होतं. मी बाहेर आले. मालक दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून भाकरी खात होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा मालक. लोखंडी जन्मभर टिकते."

मला वाटलं, हा टिकाऊपणाचा भक्त आता काय बोलणार ते ठरलेलंच आहे. घास गिळून ते पाणी प्यायले.

"बादली टिकावी म्हनून घेत न्हाईत कोनी. पानी भराया घेतेत. तुला पानी भरायचं हाय का न्हाई, तेवढं सांग."

तोवर मला ते अहो-जाहो करायचे. त्या दिवसापासून मी त्यांची "बाई" झाले, आणि "तू" झाले.

"आणि पुन्हा कापावं लागलं म्हणजे?"

"लागंल तव्हा लागंल. तव्हाचं तव्हा रडू. आता जेव."

पुण्याला ऑपरेशन झालं. मी घरी आले तर मालक गोठ्याच्या दारात उभे राहून काकूंना ओरडून सांगत होते, "चौथा आला गं!"

याचा उलगडा मला काकूंकडून झाला. मालकांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, जनावर कोणतं? डॉक्टर म्हणाले, गुरांमधलंच. मग बैल का गाय? आता ते डॉक्टरांनाही कुठं माहीत असणार. मालकांनी स्वतःच ठरवून टाकलं की बैलच असणार. गाय असती तर घेतली नसती म्हणे, पण बैल माणसाच्या कामालाच जन्मतो, त्याचं उसनं घ्यायला लाज नाही. म्हणून गोठ्यात दोन बैल आणि छातीत तिसरा. आता वरच्या मजल्यावर चौथा. सकाळी उठले की ते आधी गोठ्यातल्या दोघांना थोपटायचे आणि मग स्वतःच्या छातीला, त्याच हातानं.

या हिशेबापायी त्यांनी पहिल्या हिवाळ्यात काय केलं ते ऐका. हुरड्याचे दिवस. गावात जिकडं-तिकडं आगट्या पेटलेल्या, आणि मला हुरडा म्हणजे जीव की प्राण. मालकांनी फर्मान काढलं, बाईनं हुरडा खायचा नाही. का? तर कोवळी ज्वारी गुरांना बाधते. पोंगे खाल्ले की जनावर तोंडाला फेस येऊन आडवं होतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे छातीतल्या बैलालाही बाधणार. दोन वर्षं ते स्वतः हुरड्याला शिवले नव्हते. त्यांच्याच शेतात पार्टी, गाव जेवतंय, आणि आम्ही दोघं बांधावर बसून पेरू खातोय. मी शिकलेली बाई, मास्तरीण, मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ते इतक्या काळजीनं सांगत होते की मलाही आतून थोडी भीती वाटायला लागली. जालन्याला तपासणीला गेलो तेव्हा विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "काका, तो बैल नाही हो, नुसतं कातडं आहे. ते काही खात नाही." दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचा राहिलेला हुरडा मालकांनी एका बैठकीत खाल्ला आणि तीन दिवस पोट धरून बसले. काकू म्हणाल्या, "बाधला की शेवटी."

त्यांचा दुसरा कायदा मात्र फार कामाचा होता. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला येणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून "आता कसंय?" विचारतो, आणि मग त्याच्या ओळखीतलं कोण अशाच ऑपरेशननंतर कसं गेलं ते सांगतो. मालक जिन्याच्या तोंडाशी बाज टाकून बसले. वर जाणाऱ्याला आधी दम भरायचे. "पावसाचं इचार, पोराबाळाचं इचार, गावातल्या भानगडी सांग. तब्येतीचं काढलं तर चहा मिळनार न्हाई." आणि खरंच द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की गाठ सारखी चाचपून बघितली की सैल होते. स्वतः त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही की कशी आहेस. मला त्या महिन्यांत जे माणूस झाल्यासारखं वाटलं, ते त्याच्यामुळं. सगळ्या जगाला मी पेशंट होते, फक्त या एका म्हाताऱ्याला मी भाडेकरू होते, आणि कपडे वाळत घालताना पाणी खाली सांडलं तर तो मला शिव्या घालायचा.

ऑपरेशननंतरचा पहिला पोळा, त्या हुरड्याच्याही आधीचा, आला तेव्हा सासूबाई अंबडहून आलेल्या होत्या. बाई देवभोळ्या, सोवळ्याओवळ्याच्या. माझ्या छातीतली झडप कशाची आहे हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. नवरा म्हणायचा, सांगू सावकाश. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. मालकांनी गोठ्यातल्या दोघांचं केलं, काकूंकडून स्वतःच्या खांद्याला लावून घेतलं, आणि वाटी घेऊन जिना चढून वर आले. मागं काकू, तोंडाला पदर लावून हसत. काकूंनी माझ्या खांद्याला हळद-तूप चोपडलं. मालकांनी हात जोडले आणि गंभीरपणानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

सासूबाई म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"तिच्या छातीत बैल हाय," मालक म्हणाले. "तुमाला म्हाईत न्हाई?"

नवरा भिंतीकडं बघायला लागला. मला वाटलं, आता या सकाळच्या गाडीनं अंबडला निघणार आणि पुन्हा माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, त्या पिवळ्या खांद्याकडं बघितलं, मग मालकांना म्हणाल्या, "शिंगं रंगवायची तेवढी ऱ्हायली. ती बी रंगवता का?"

"तिला शिंगं न्हाईत म्हनून राह्यलं," मालक म्हणाले.

मी हसले, आणि हसताना छातीचं हाड दुखतं म्हणून उशी छातीशी धरून हसले, आणि मग हसता हसता रडले. दुसऱ्या दिवशी मालकांचा हुकूम होता की आज हिला कामाला जुंपायचं नाही. सासूबाईंनी एकटीनं पुरण घातलं. पहिलं ताट नवऱ्याला न देता माझ्यापुढं ठेवलं. नवरा बघतच राहिला, तर त्या म्हणाल्या, "आज बैलाचं आधी असतं." त्यापलीकडं त्या विषयावर त्या जन्मात एक शब्द बोलल्या नाहीत.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मला दिवस गेले. नऊ महिने मी जालन्याच्या वाऱ्या केल्या, हृदयाचे डॉक्टर एकीकडं आणि बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई एकीकडं. मुलगी झाली. मालक दवाखान्यात आले. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता हे विचारणार. त्यांनी पोरीचं बोट धरून जरासं ओढलं, बादलीचा कान ओढायचे तसं, पण किती हळू. काकू म्हणाल्या, "इचारा की." ते म्हणाले, "गप बस." आणि बाहेर जाऊन बराच वेळ चहाच्या गाड्यापाशी पाठमोरे उभे राहिले.

पोरगी त्यांना मालकबाबा म्हणायची. बैलगाडीच्या साटीत बसून शेतात जायची, येताना त्यांच्या खांद्यावर झोपून यायची. आणि वर्षातून एकदा आम्ही दोघं, तिसरा आणि चौथा, एसटीनं जालन्याला इको करायला जायचो. आत जाताना ते डॉक्टरांना विचारायचे, "टिकंल का?" डॉक्टर सांगायचे, दोघांचंही झकास आहे. मग आम्ही मोंढ्याजवळ पुरी-भाजी खायचो. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघायचे.

आणि मग तो सुरुवातीला सांगितलेला दिवस आला. त्यांचा इको आधी झाला. डॉक्टर म्हणाले, काका, नव्यासारखा आहे. माझा करताना ते बोलायचे थांबले. पडद्यावर परत परत तेच बघत राहिले. माझ्या झडपेच्या पाकळ्या जाड व्हायला लागल्या होत्या. घाई नव्हती, पण सुरुवात झाली होती. त्यावर मालकांनी बटणं सोडली.

डॉक्टर हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाहीये. त्यांनी नीट समजावलं. एकाची झडप काढून दुसऱ्याला बसवता येत नाही. आणि समजा बसवली, तरी हिच्या शरीरात ती अशीच होणार. "दोष झडपेचा नाही काका, वयाचा आहे. म्हातारं शरीर शांत असतं. तरुण शरीरात सगळं जोरात चालतं, त्यात त्या पाकळ्यांवर चुना साचतो. तुमच्याकडं बोअरच्या पाण्यानं भांड्याला धरतो ना, तसा."

"म्हंजी जिला लागतो तिचा झिजनार," मालक म्हणाले, "अन् ज्याला घेऊन आता काय करायचं हाय, त्याचा टिकनार. हा कुठला न्याय?"

डॉक्टर म्हणाले, बटणं लावून घ्या काका.

पुरी-भाजी खाल्ली नाही. एसटीत ते खिडकीपाशी बसले. रामनगर आलं तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, मी तव्हा चुकीचं सांगितलं का गं?"

ज्या माणसानं सबंध गावाला जिन्यापाशी अडवलं होतं, तो असा आवाज खाली आणून विचारत होता. मला म्हणायचं होतं, मालक, तुम्ही सांगितलं नसतं तर मी जिन्यातच कधी तरी संपले असते, आणि ती पोरगी या जगात नसती, आणि मी तुमचे आभार मानून मोकळी होणार नाही, कधीच नाही. पण शेजारी बायका होत्या, कंडक्टर होता. मी म्हटलं, "मालक, आज चित्रकलेची वही न्यायची आहे तिच्यासाठी. वाट बघत असेल ती."

"वही व्हय," ते म्हणाले. "मंग रंग बी घेऊ." फाट्यावर उतरल्यावर त्यांनी वही घेतली, तिचं पान चिमटीत धरून ओढून बघितलं, आणि मगच दुकानातून बाहेर पडले.

दोन हिवाळ्यांनी ते गेले. न्युमोनिया झाला, आठवड्याभरात आटोपलं. जालन्याला भरती होते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा इको केला होता. झडप शेवटपर्यंत उत्तम चालत होती. भेटायला आलेल्यांना काकू सांगायच्या, "वाल टिकला. मानूस न्हाई टिकला." एवढंच सांगायच्या आणि आत चहा टाकायला जायच्या. बैल मोठ्या मुलानं ओळखीच्या शेतकऱ्याकडं पोचवले. गोठा रिकामा झाला त्या दिवशी मी खाली उतरले नाही.

या वर्षी संक्रांतीनंतर मला पुन्हा जिना चढवेना. या वेळी कोणी काही विचारायची गरज पडली नाही, मी स्वतःच बॅग भरली. पुण्याला दुसरं ऑपरेशन झालं. त्याच जागी पुन्हा कापलं, आणि ते पहिल्यापेक्षा जड गेलं, यात काही लपवण्यासारखं नाही. आता मूल व्हायचा प्रश्न नव्हता, आणि तिसऱ्यांदा छाती उघडायची माझी तयारी नव्हती, म्हणून या वेळी लोखंडी बसवली. रक्त पातळ करायची गोळी रोज संध्याकाळी घेते. खोलीत शांत असलं की झडपेचा आवाज येतो, घड्याळासारखा. जिना चढायला बंदी आहे, म्हणून काकूंनी मला खाली त्यांच्याच खोलीत ठेवून घेतलंय.

पोरगी आता पाचवीत आहे. परवा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या शेजारी बसून तो आवाज ऐकत राहिली. काकू पलीकडं तूर निवडत होत्या.

"आई, हा किती वर्षं टिकतो?"

"जन्मभर, म्हणतात."

"मग पहिल्यांदाच हा का नाही घेतला? परत कापावं लागलं नसतं."

हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. लोखंडी झडपेला कोणत्या गोळ्या लागतात, त्या गोळ्या घेताना बाळ होणं किती धोक्याचं असतं, आणि म्हणून मी दुसरी का घेतली. ती लक्ष देऊन ऐकत होती. पोरगी हुशार आहे, तिला गणितं लवकर सुटतात. तिचे डोळे भरायला लागले.

"म्हणजे तो माझ्यामुळं झिजला का?"

मी म्हटलं, नाही गं, डॉक्टर म्हणतात तो वयामुळं झिजतो, तरुण माणसात लवकर झिजतोच. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. ती माझ्या छातीवरच्या पट्टीकडं बघत होती. काकूंचा सुपातला हात थांबला. आणि माझ्या तोंडून जे आलं ते माझ्या बोलण्यासारखं नव्हतं, शाळेत मी असं बोलत नाही.

"झिजला न्हाई, बाई," मी म्हटलं. "कामी आला."

तिनं नाक पुसलं. मग माझ्या छातीवर भार येणार नाही अशा बेतानं, एका कुशीवर होऊन, ती माझ्या दंडाला चिकटून निजली.